तिकीट काढायच्या आधी कोरोनाचे प्रवास-नियम स्वतः ऑनलाइन कसे तपासायचे (डिसेंबर २०२१)

हे डिसेंबर २०२१ मध्ये लिहिलंय; यातले नियम आणि साइट तेव्हाच्या आहेत, आज तसेच लागू धरू नका. २६ नोव्हेंबरला सरकारने सांगितलं की कोरोनामुळे बंद असलेली नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं १५ डिसेंबरपासून सुरू होणार. मग ओमायक्रॉन हा कोरोनाचा नवा प्रकार आला, १ डिसेंबरला तो निर्णय पुढे ढकलला आणि ९ तारखेला जाहीर झालं की ३१ जानेवारी २०२२ पर्यंत बंदच. त्याच दिवसांत महाराष्ट्राने ३० नोव्हेंबरला स्वतःचा वेगळा कडक आदेश काढला, केंद्राच्या आरोग्य सचिवांनी दुसऱ्याच दिवशी पत्र पाठवून सांगितलं की हे आमच्या नियमांशी जुळत नाही, आणि २ डिसेंबरला राज्याने तो बदलला. म्हणजे ज्याने १ तारखेला व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ जपून ठेवली त्याच्याकडे अस्सल सरकारी कागद आहे, सही-शिक्का सगळं आहे, आणि तरी तो आज काही कामाचा नाही.

म्हणून फॉरवर्ड नको, ‘माझ्या मेव्हण्याला तर काही विचारलं नाही’ हेही नको. सगळी साधनं फुकट आहेत, मोबाइलवर चालतात, फक्त कुठलं साधन कशासाठी आणि कुठल्या क्रमाने वापरायचं हे माहीत पाहिजे. समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू: पुण्याचे आईबाबा, लेक लंडनला, जानेवारीत मुंबई-लंडन थेट विमानाने जायचं आणि महिनाभराने परत यायचं. दोघांचे पासपोर्ट भारतीय, बाबांनी कोव्हिशील्ड घेतलीय आणि आईने कोव्हॅक्सिन.

आधी कागद-पेन

‘लंडनला जायचे नियम’ असं एक काही नसतंच. भारतातून त्या देशाला विमान आहे का हा एक नियम, विमान कंपनी चढू देईल का हा दुसरा, मध्ये उतरत असाल तर त्या देशाचा तिसरा, पोचल्यावर आत घेणार का हा चौथा, आत घेतल्यावर कोंडून ठेवणार का हा पाचवा, आणि परत येताना केंद्राचे, राज्याचे, शेवटी महापालिकेचे असे आणखी. बहुतेक जण चौथा प्रश्न बघतात आणि तिकीट काढतात. परतीचं तर कुणी बघतच नाही, कारण ‘आपल्याच देशात तर यायचंय’.

तर कागदावर प्रत्येक प्रवाशाचं वेगळं लिहा: पासपोर्ट कुठल्या देशाचा, व्हिसा किंवा रेसिडेन्सी कुठली, लस कोणती, दुसऱ्या डोसची तारीख, वय (मुलांना सूट असते पण वयाची मर्यादा प्रत्येक देशाची वेगळी), मागच्या चौदा दिवसांत कुठे कुठे होतात, आणि रस्त्यात थांबा आहे का. थांबा असेल तर सगळं एकाच तिकिटावर आहे की दोन वेगळी तिकिटं जोडलीत हे नक्की लिहा. वेगळी तिकिटं असली की बरेचदा सामान घ्यायला इमिग्रेशनच्या बाहेर यावं लागतं आणि मग तुम्ही ट्रान्झिट प्रवासी राहत नाही, त्या देशात प्रवेश करणारे होता, त्यांचे पूर्ण नियम लागतात. स्वस्तात पडतं म्हणून दोन तिकिटं जोडणाऱ्यांनी हे वाक्य परत एकदा वाचा.

नकाशे: अंदाजापुरते

सुरुवात नकाशाने करायला हरकत नाही. शेर्पा नावाच्या साइटचा नकाशा चांगला आहे, कुठून निघणार, कुठे जाणार, पासपोर्ट कुठला, लस झालीय का एवढं टाकलं की देश रंगवून दाखवतो आणि खाली टेस्ट, क्वारंटाइन, फॉर्म असं वेगवेगळं देतो. कयाकचाही तसाच नकाशा आहे. अजून ठरलंच नाहीये कुठे जायचं, नुसतं बघतोय, अशा वेळी हे फार सोयीचे, दहा मिनिटांत कळतं की कुठले देश विचारात घ्यायचे आणि कुठले सोडायचे.

पण रंगावर तिकीट काढू नका. एक तर नकाशाला तुमचं सगळं माहीत नसतं, कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन यांतला फरक बऱ्याच नकाशांना कळत नाही, त्यांना फक्त ‘लस झाली’ किंवा ‘नाही झाली’. युरोपात तर हा फरक देशागणिक बदलतो, २०२१ मध्ये कोव्हिशील्डला युरोपच्या औषध संस्थेची मान्यता नव्हती पण अनेक देशांनी आपापली स्वतंत्र मान्यता दिली होती, त्यामुळे ‘युरोप चालतं’ या वाक्याला काही अर्थ नाही, कुठला देश ते सांगा. युरोपियन युनियनची ‘रीओपन ईयू’ ही साइट होती, २४ भाषांत होती, देशवार माहिती नीट द्यायची, पण ती मुळात एका युरोपीय देशातून दुसऱ्यात जाणाऱ्यांसाठी बनवलेली होती, भारतातून थेट जाणाऱ्याला तिथून त्या देशाच्या सरकारी पानावर जावं लागायचं.

दुसरं म्हणजे सल्ला आणि परवानगी यांत गल्लत होते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचे लेव्हल १ ते लेव्हल ४ असे जे प्रकार आहेत ते अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्यांना दिलेला सल्ला आहे, म्हणजे ‘भारत अमुक लेव्हलला’ अशी बातमी आली तरी त्यावरून तुम्हाला अमेरिकेत घेणार की नाही हे अजिबात ठरत नाही. न्यूज चॅनलवाले मात्र ती बातमी अशी देतात की जणू व्हिसाच बंद झाला.

टिमॅटिक: काउंटरवरचा माणूस जे बघतो ते

तुम्हाला विमानात चढू द्यायचं की नाही हे मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलवर चेक-इन काउंटरवरचा माणूस ठरवतो, लंडनचा अधिकारी नंतर येतो. त्या माणसासमोर जी माहिती असते ती बहुतेक विमान कंपन्यांमध्ये टिमॅटिक नावाच्या डेटाबेसमधून येते. तो आयाटाचा आहे, म्हणजे जगभरातल्या विमान कंपन्यांच्या संघटनेचा. चुकीचा प्रवासी नेला तर कंपनीला त्याला स्वखर्चाने परत आणावं लागतं, वर दंडही होऊ शकतो, त्यामुळे कंपन्या इथे गंमत करत नाहीत.

हीच माहिती ‘आयाटा ट्रॅव्हल सेंटर’ या साइटवर सगळ्यांना फुकट दिसते. जगाचा नकाशा येतो, देशावर क्लिक केलं की खाली मजकूर उघडतो. वरच प्रकाशित केल्याची तारीख असते, ती पहिल्यांदा बघा. मग मजकूर. तो इंग्रजीत आहे आणि रूक्ष आहे, पण त्याची एक ठरलेली पद्धत आहे, ती कळली की कुठल्याही देशाचा वाचता येतो.

आधी बंदी लिहितात: अमुक प्रवाशांना प्रवेश नाही. लगेच खाली ‘हे यांना लागू नाही’ म्हणून यादी येते, नागरिक, रहिवासी, अमुक व्हिसावाले, लस पूर्ण झालेले. मग पुढचा क्रमांक: टेस्ट पाहिजे, आणि परत त्याखाली ‘यांना लागू नाही’. मग फॉर्म, मग क्वारंटाइन. लोकं पहिली ओळ वाचून घाबरतात आणि पान बंद करतात, किंवा कुठल्यातरी एका यादीत आपण बसतो हे बघून खूश होतात आणि खालचे मुद्दे वाचतच नाहीत. प्रत्येक क्रमांक वेगळा धरायचा, आधी स्वतःला विचारायचं की ही बंदी मला लागू आहे का, असेल तर सूट मला आहे का, आणि एका मुद्द्यातली सूट पुढच्या मुद्द्याला आपोआप लागू होत नाही. लस झालीय म्हणून प्रवेशबंदीतून सुटलात तरी टेस्ट लागू शकते, क्वारंटाइनही लागू शकतं.

सूट देताना कधीकधी ‘मागच्या इतक्या दिवसांत अमुक देशात नव्हते अशांना’ असं असतं. विमान फक्त तिथे बदललं तरी काही देश ते ‘होता’ असं धरतात. कागदावर चौदा दिवस लिहायला सांगितले ते याचसाठी.

मोबाइलवर भाषांतर करून वाचत असाल तर वाचा, पण ‘एक्सेप्ट’ (वगळून) आणि ‘अनलेस’ (नसेल तर) असलेली वाक्यं एकदा मुळातून बघा, मशीनच्या मराठीत नकार कधीकधी उलटा होतो.

सरकारी पान: बरोबर पान शोधणं हेच निम्मं काम

टिमॅटिकमध्ये नियम थोडक्यात असतो, तपशील त्या देशाच्या सरकारी साइटवर. ब्रिटनची साइट म्हणजे गव्ह डॉट यूके, खरंच छान बनवलेली आहे, पण इथे आपल्याकडचे लोक हमखास चुकीच्या पानावर जातात. ‘ट्रॅव्हल ॲडव्हाइस, इंडिया’ असं पान येतं आणि त्यावर भारताबद्दल बरंच काही असतं, पण ते भारतात येणाऱ्या ब्रिटिश लोकांसाठी आहे. आईबाबांना पाहिजे ते पान ‘दुसऱ्या देशातून इंग्लंडला येताना’ या अर्थाचं. आणि हो, इंग्लंडला. स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंड यांचे नियम वेगळे निघतात, लेक एडिनबराला असेल तर पान वेगळं.

१८ डिसेंबर २०२१ ला त्या पानावर लस पूर्ण झालेल्यांसाठी काय होतं ते बघू. निघायच्या आधीच्या दोन दिवसांत टेस्ट (७ डिसेंबरपासून, वय १२ आणि वर). पॅसेंजर लोकेटर फॉर्म (तुम्ही कोण, कुठे राहणार याचा), पोचायच्या आधीच्या ४८ तासांत भरायचा. पोचल्यावर दुसऱ्या दिवस संपेपर्यंत पीसीआर आणि तिचा रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत घरातच. ही पोचल्यावरची टेस्ट निघायच्या आधीच बुक करून पैसे भरावे लागायचे, कारण तिचा रेफरन्स नंबर लोकेटर फॉर्ममध्ये टाकायचा असायचा, तो नसेल तर फॉर्म पुढे सरकायचा नाही आणि फॉर्म नसेल तर काउंटरवर अडकलात. क्रम असा होता: टेस्ट बुकिंग, मग फॉर्म.

लसीचं बघा. भारताचं कोव्हिशील्डचं सर्टिफिकेट ब्रिटनने ११ ऑक्टोबरपासून मानलं, त्याआधी लस तीच आणि सर्टिफिकेटवर मात्र भरवसा नाही असा विचित्र प्रकार चालू होता. कोव्हॅक्सिनला डब्ल्यूएचओची मान्यता ३ नोव्हेंबरला मिळाली आणि ब्रिटनने ती २२ नोव्हेंबरपासून धरली. म्हणजे आईचाही प्रश्न सुटला, पण ऑक्टोबरमधला एखादा ब्लॉग वाचला तर तो सांगेल की आईला दहा दिवस क्वारंटाइन. म्हणूनच तारीख बघा, तारीख बघा.

गव्ह डॉट यूकेची दोन बटणं फार उपयोगाची आहेत आणि कुणी वापरत नाही. पानाच्या तळाशी शेवटच्या बदलाची तारीख आणि ‘सगळे बदल दाखवा’ असं असतं, त्यावर टिचकी मारली की कुठल्या दिवशी काय बदललं याची यादीच येते. आणि त्या पानाचे अपडेट ईमेलवर मागवता येतात. तिकीट काढल्या दिवशीच आपला आणि लेकीचा, दोन्ही ईमेल टाकून ठेवा.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी सीडीसीचं पान होतं, ८ नोव्हेंबर २०२१ पासून लस झालेल्यांना घेत होते, ६ डिसेंबरपासून टेस्ट निघायच्या आदल्या दिवशीची किंवा त्याच दिवशीची लागायची, शिवाय एक अटेस्टेशन फॉर्म, म्हणजे लेखी हमी. दुबईचं तेव्हा जरा क्लिष्ट होतं: ४८ तासांच्या आतला क्यूआर कोडवाला आरटी-पीसीआर, शिवाय विमानतळावरच निघायच्या आधीच्या सहा तासांत रॅपिड पीसीआर, म्हणजे विमानतळावर नेहमीपेक्षा खूप आधी जावं लागायचं. रेसिडेन्सीवाल्यांना वर परवानगी लागायची, दुबईचा व्हिसा असेल तर जीडीआरएफए या तिथल्या व्हिसा खात्याची, बाकी अमिरातींचा असेल तर आयसीए या त्यांच्या खात्याची.

तास कुठून मोजायचे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो त्यामुळे सावकाश वाचा. ‘७२ तास’, ‘४८ तास’, ‘दोन दिवस’, ‘एक दिवस’ या सगळ्या वेगळ्या भानगडी आहेत. तीन गोष्टी शोधायच्या. एक, घड्याळ कधी सुरू होतं, नमुना दिला तेव्हा की रिपोर्ट आला तेव्हा? बहुतेक ठिकाणी नमुना दिल्याची वेळ धरतात, म्हणून रिपोर्टवर दोन्ही वेळा छापलेल्या आहेत का बघून घ्या, काही लॅब फक्त रिपोर्टची छापतात, आधीच सांगून ठेवा. दोन, घड्याळ कधी थांबतं, विमान सुटताना की पोचताना, आणि थांबा असेल तर पहिलं विमान की शेवटचं? तीन, तास लिहिलेत की दिवस. अमेरिकेने तेव्हा मुद्दाम ‘एक दिवस’ लिहिलं होतं, २४ तास नाही, म्हणजे शुक्रवारी रात्री उशिराचं विमान असेल तर गुरुवारी सकाळची टेस्टही चालायची. ‘४८ तास’ लिहिणाऱ्याकडे असं काही चालत नाही, एक तास वर गेला तरी तो नाही म्हणू शकतो.

मग उलटं मोजत या. विमान सुटायची वेळ लिहा, त्यातून तास वजा करा, त्याच्या आत नमुना कधी द्यायचा ते ठरवा आणि रिपोर्ट यायला लागणारा वेळ, मध्ये रविवार किंवा सुट्टी आहे का, विमान लेट झालं तर काय, याची थोडी जागा ठेवा. अगदी कडेला टेस्ट करू नका.

नियम कुठल्या घड्याळाने लागू होतो तेही बघायचं. ब्रिटनने १५ डिसेंबरला पहाटे ४ वाजता रेड लिस्टमधले (जिथून येणाऱ्यांना सगळ्यात कडक नियम, ती यादी) अकराही आफ्रिकी देश काढून टाकले, ही त्यांची वेळ, आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ. आणि असे बदल सहसा तुम्ही तिथे कधी पोचता त्यावर लागतात, निघता कधी त्यावर नाही, त्यामुळे विमान हवेत असताना नियम बदलणं हे २०२१ मध्ये बऱ्याच जणांच्या बाबतीत घडलेलं आहे.

एअर बबल आणि विमान कंपनी

नेहमीची विमानं बंद असल्याने डिसेंबर २०२१ मध्ये जे चाललं होतं ते ‘एअर बबल’ करारांवर, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवून चालवलेल्या खास विमानांवर; असे करार तीसेक देशांशी होते. यादी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर होती. नुसतं देशाचं नाव बघून भागायचं नाही, प्रत्येक देशाखाली कोण प्रवास करू शकतं हे लिहिलेलं असायचं, काही बबलमध्ये तिसऱ्याच देशात पुढे जाणाऱ्यांना घेत नसत. बुकिंग साइट तरीही तिकीट विकते, कारण ती फक्त सीट बघते.

विमान कंपनीच्या साइटवर कोविडचं पान असतं, ते निघायच्या आठवड्यात वाचायचं. कंपनीचा नियम सरकारपेक्षा कडक असू शकतो, सैल नसतो. शंका असेल तर चॅटवर किंवा ईमेलवर लेखी उत्तर घ्या, फोनवरचं काउंटरवर दाखवता येत नाही.

परत येताना

तेव्हा भारतात येणाऱ्यांना एअर सुविधा या सरकारी पोर्टलवर सेल्फ-डिक्लरेशन फॉर्म भरावा लागायचा, ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर रिपोर्ट आणि पासपोर्टची प्रत पीडीएफ करून चढवावी लागायची, मागच्या चौदा दिवसांत कुठे होतात ते लिहावं लागायचं. फॉर्म फुकट होता. पाच वर्षांखालच्या मुलांना टेस्ट नव्हती. इथे आरटी-पीसीआरच लागायचा, ब्रिटनला जाताना अँटिजेन चालली म्हणून येतानाही चालेल असं नव्हतं.

मग आरोग्य मंत्रालयाची ‘ॲट रिस्क’, म्हणजे धोक्याच्या, देशांची यादी. १ डिसेंबर २०२१ पासून नवीन नियम होते आणि यादीत ब्रिटनसकट सगळा युरोप होता. म्हणजे आईबाबांना मुंबईत उतरल्यावर टेस्ट, रिपोर्ट येईपर्यंत विमानतळावरच बसणं, निगेटिव्ह आली तरी सात दिवस घरी क्वारंटाइन आणि आठव्या दिवशी परत टेस्ट. २० डिसेंबरपासून मुंबईसह सहा मोठ्या विमानतळांवर ही टेस्ट आधीच बुक करणं सक्तीचं होणार होतं, एअर सुविधावरूनच. यादी बदलत होती, सिंगापूर तीत होतं आणि डिसेंबर २०२१ मध्येच बाहेर पडलं, म्हणून परतीच्या तिकिटाच्या आदल्या आठवड्यात आणि परत दोन दिवस आधी अशी दोनदा बघावी लागायची.

राज्याचे आदेश मराठीत वाचायचे तर महासंवाद ही माहिती खात्याची साइट, मुंबईसाठी महापालिकेची कोरोनाची वेगळी साइट, आणि एखादी बातमी खोटी वाटली तर पीआयबी फॅक्ट चेक, म्हणजे केंद्राच्या माहिती खात्याची पडताळणी. देशातल्या देशात फिरणाऱ्यांनाही हे लागतं, कोल्हापूरहून बेळगावला जाणाऱ्यांना सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर कर्नाटक पोलिसांनी आरटी-पीसीआर नाही म्हणून परत पाठवणं २०२१ मध्ये किती वेळा झालं ते तिकडच्या माणसांना विचारा. दुसऱ्या राज्यात जाताना त्या राज्याचा आदेश, जमलं तर जिल्हाधिकाऱ्यांचाही बघा, आपल्या राज्याचा वाचून उपयोग नाही.

सर्टिफिकेट आजच बघा

कोविन या सरकारी लसीकरण साइटवर मोबाइल नंबरने लॉगिन करा, ओटीपी येईल. तिथे परदेश प्रवासासाठीचं वेगळं सर्टिफिकेट मिळतं, त्यात पासपोर्ट नंबर आणि पूर्ण जन्मतारीख असते (साध्या सर्टिफिकेटवर ती नसते). नाव पासपोर्टशी अक्षर-अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे, आडनाव पुढे-मागे, ‘श्रीराम’चं स्पेलिंग तीन प्रकारचं, हे सगळं आत्ताच तपासा. चूक असेल तर ‘रेज ॲन इश्यू’मधून दुरुस्ती करता येते पण ती संधी एकदाच मिळते, घाईत टाइप करू नका, पासपोर्ट समोर ठेवून भरा.

लक्ष ठेवायचं, पण वेड लागू द्यायचं नाही

रोज दहा साइट उघडणं कुणालाच जमत नाही. जिथे ईमेल अपडेट मिळतात तिथे घ्या. जिथे नाहीत (आपल्या बहुतेक सरकारी साइटवर नाहीतच) तिथे व्हिज्युअलपिंग किंवा डिस्टिल सारखं साधन लावा, पानाचा पत्ता दिला की ते पान बदललं तर मेल येतो, छोट्या वापराला फुकट आहे. गूगलवर शोधताना टूल्समधून ‘मागचा आठवडा’ निवडा, जुना कचरा निम्मा गळतो.

फसव्या साइटपासून जपा. लोकेटर फॉर्म, एअर सुविधा वगैरे गूगलला टाकलं की वर जाहिरातीत सरकारी वाटणाऱ्या साइट यायच्या आणि फुकटच्या फॉर्मचे पैसे घ्यायच्या, वर पासपोर्टची प्रतही त्यांच्याकडे जायची. पत्ता गव्ह डॉट इन, गव्ह डॉट यूके असा संपतोय का बघा, आणि एअर सुविधाचा फॉर्म मात्र दिल्ली विमानतळाच्या साइटवर होता, त्याचा पत्ता गव्ह डॉट इनने संपत नव्हता, म्हणून तिथे आरोग्य मंत्रालयाच्या पानावरच्या लिंकनेच जायचं होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा फेरा: आयाटाचं पान, त्या देशाचं सरकारी पान, कंपनीचं पान. तिन्हींची प्रिंट तारखेसकट काढा किंवा पीडीएफ करून फोनमध्ये ऑफलाइन ठेवा, टेस्ट रिपोर्ट, लसीचं सर्टिफिकेट आणि फॉर्मच्या दोन-दोन प्रती, एक हातातल्या बॅगेत आणि एक आईच्या पर्समध्ये, कारण बाबांचा फोन नेमका काउंटरवर गेल्यावर स्विच ऑफ होतो.